उसना ठोका

पुष्कर पोतदार आयुष्यात कधी सलग दोन मिनिटं शांत बसला नव्हता, आणि नेमकं तेच काम त्याच्यावर सोपवण्यात आलं. जागा मिरजेतल्या एका लहान मुलांच्या हृदयरुग्णालयातली. दुसरा मजला, काचेची खोली, मागे रेलणारी खुर्ची. समोर उबदार दिव्याखाली त्याची मुलगी झोपलेली. तिला अजून नाव नव्हतं. घोट्यावरच्या पट्टीवर 'केतकी पोतदार यांचे बाळ' एवढीच तिची ओळख होती.

पुष्करच्या छातीवर बिल्ल्याएवढी चकती चिकटवली होती. ती त्याचे ठोके वाचायची, आणि पलंगाशेजारचं यंत्र त्या ठोक्यांवर पोरीचं हृदय चालवायचं.

म्हणजे त्यानं दचकायचं नव्हतं. आणि दचकणं हा तर त्याचा धंदाच होता. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. गाड्या आपल्याआप चालू लागून काही वर्षं झाली होती, पण ते हमरस्त्यावर. मिरजेच्या गल्लीत तसली गाडी केळीच्या गाड्याला वाट द्यायला थांबे, केळीवाला गाडीला वाट द्यायला थांबे, आणि संध्याकाळ होई. त्यामुळे लोक अजून शिकायला येत. पुष्कर त्यांच्या डाव्या हाताला बसून जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून जगायचा. घरी सोफ्यावर बसून बातम्या बघतानाही त्याचा उजवा पाय मधूनच फरशी दाबायचा.

मुलगी जन्मली ती निळसर. फुफ्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार नळ्या हृदयाच्या डाव्या बाजूला उघडायला हव्यात. हिच्या चारही उजवीकडे जाऊन मिळाल्या होत्या. डॉ. नाझनीन मुजावर यांनी ते कागदावर काढून दाखवलं. पुष्करला चित्र लगेच समजलं. सगळी वाहतूक चुकीच्या गल्लीत शिरली होती.

"ऑपरेशन करून नळ्या जागेवर लावू," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांनी लावल्याही. रंग गुलाबी झाला. केतकी खुर्चीत बसल्या बसल्या रडली, पुष्कर उभ्या उभ्या. मग कळलं, की हृदय ठोकाच देत नाहीये.

"हृदयाच्या वरच्या कोपऱ्यात पेशींचा एक बारीक पुंजका असतो," डॉक्टर म्हणाल्या. "तो म्हणतो 'चल', की हृदय चालतं. आमचे टाके त्याच्या अगदी शेजारून गेलेत. मेला नाहीये. सुजलाय. गप्प बसलाय."

"रुसलाय?" पुष्करनं विचारलं.

"तसं समजा."

अशा वेळी पूर्वी तारा लावून बाहेरून एकसारखा ठोका देत. जीव वाचे, पण पुंजका सुस्तावे. रोज कुणी आयता डबा आणून दिला, तर चूल पेटवायचं कुणाला सुचत नाही, तसं. जिवंत हृदय कधीच घड्याळासारखं चालत नाही. श्वासागणिक, विचारागणिक ते किंचित पळतं, किंचित रेंगाळतं. त्या रेंगाळण्यात बारीकशी फट पडते. त्या फटीत झोपलेल्या पुंजक्याला 'चल' म्हणायची संधी मिळते. नुसती आकडेमोड करून बनवलेले चढउतार देऊन पाहिले होते, पुंजके फसले नाहीत. मग कुणीतरी आईबापाचेच चढउतार उसने घेतले, वेग दुपटीनं वाढवून बाळाला दिले, आणि पुंजके जागे व्हायला लागले. असं का होतं, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. यंत्राचं नाव 'अनुताल'. पडद्यावर उसना ठोका पिवळा दिसे. बाळाच्या हृदयानं स्वतः दिलेला हिरवा दिसणार होता. खाली आणि वर मर्यादा घातलेली होती, तिच्यापलीकडे यंत्र बापाचं काहीएक ऐकत नसे.

"बापाचंच का?" केतकीनं विचारलं होतं. "माझं घ्या की."

"तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. त्या हृदयाला उड्याच मारू देत नाहीत. तुमचा आलेख पट्टीनं आखल्यासारखा येतोय." मग डॉक्टरांनी पुष्करचा आलेख पाहिला आणि भुवया उंचावल्या. "यांच्यात मात्र माल भरपूर आहे."

जाता जाता त्या म्हणाल्या, "आणि फार ताण घेऊ नका."

हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात, पाणी भरपूर प्या म्हणतात तसं. पोतदारांनी ते घरी नेलं, फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि त्याचा कायदा केला.

त्या दिवसापासून पुष्करला कुणीही काहीही खरं सांगितलं नाही.

"बाबा, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी कुठंय?" पुष्करनं वडिलांना विचारलं.

"घाटावर आहे."

"कृष्णेच्या घाटावर? कशाला?"

"वाऱ्याला."

क्रिकेट बंद. बातम्या बंद. ग्रुपवर फक्त फुलं आणि सूर्योदय. चुलत्यांचा बांधावरून चाललेला वाद अचानक मिटल्याचं त्याला सांगण्यात आलं. काका त्या दिवशीही तालुका कचेरीत ओरडत बसले होते, हे सांगणाऱ्याच्याच फोनमध्ये मागून ऐकू येत होतं. चहा बिनसाखरेचा मिळू लागला, कारण साखरेनं म्हणे धडधडतं. आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे, ताई गोड बोलू लागली.

मृण्मयीताई ही पुष्करची थोरली बहीण, ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायची. पुष्करला ती जन्मापासून 'गाढवा' म्हणत आली होती, त्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानासुद्धा. आता ती काचेच्या खोलीत येऊन म्हणायची, "कसा आहेस रे, राजा?"

 ताईनं त्याला याआधी 'राजा' म्हटलं होतं ते आजी गेल्याचं सांगताना. पडद्यावर पिवळी रेघ सरसरत वर जायची, पोरीचे ठोके दीडशेच्या पुढे पळायचे, सिस्टर एलिशा काचेतून बघायच्या, आणि पुष्कर दात आवळून, श्वास रोखून रेघ खाली दाबायचा. दाबता दाबता त्याला ते जमू लागलं. पाच-सहा दिवसांत त्याचा चेहरा पासपोर्टच्या फोटोसारखा झाला. आतमध्ये गाडी घसरत होती आणि वर तो हँडब्रेक ओढून बसला होता.

केतकीशीही तो जपून बोलायचा, आणि ती त्याच्याशी. लग्नाला चार वर्षं झालेली माणसं एकमेकांना 'थँक्यू' म्हणू लागली होती. ती दर तीन तासांनी दूध काढून बाटलीत आणायची, ते नळीनं पोरीच्या पोटात जायचं. मग ती पलंगाजवळ उभी राहून पडद्याकडे बघायची. पोरीकडे नाही, पडद्याकडे.

"ठीक आहेस ना?" तो विचारायचा.

"हो. तू?"

"मी एकदम शांत."

मग ती बाहेर जायची. व्हरांड्याच्या टोकाला, जिना सुरू होतो तिथं, ती भिंतीकडे तोंड करून उभी राहते हे पुष्करला माहीत होतं. चकतीचा पल्ला त्या जिन्याच्या अलीकडेच संपायचा. त्याच्या पलीकडे पाऊल टाकलं, की यंत्र जुन्या एकसुरी ठोक्यावर जाई. म्हणून तो खुर्चीतच राहिला. निदान स्वतःला त्यानं कारण तेच दिलं.

हिरवा ठोका एकदाही दिसला नाही. तो कधीच दिसला नाही, तर पोटात कायमची बॅटरी बसवावी लागेल, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मूल वाढतं तशा तारा बदलायच्या, बॅटरी संपली की पुन्हा चिरायचं. जन्मभर. पुष्कर समजत होता, की अजून पुष्कळ वेळ आहे. शांत राहायचं, बस.

मंगळवारी सकाळी ताई नवीन साडी नेसून आली. हातात छोटंसं झबलं, निर्जंतुक पिशवीत सीलबंद.

"बारसं करू या," ती म्हणाली.

"इथं?"

"एलिशा सिस्टरना विचारलंय. पाच मिनिटं देते म्हणाल्या. पाळणा नको, घुगऱ्या नको, नुसतं कानात नाव सांगायचं. आत्याचा मान आहे तो."

"घरी गेल्यावर करू की, ताई. घाई काय?"

"असं कसं?" ताई म्हणाली. "बिननावाची पोर गुरुवारी ऑपरेशनला..."

 केतकीनं डोळे मिटले. सिस्टर एलिशांना एकदम हात धुवायची आठवण झाली.

"कुठलं ऑपरेशन?" पुष्करनं विचारलं.

"राजा, तू आधी दीर्घ श्वास..."

"राजा गेला खड्ड्यात! कुठलं ऑपरेशन?"

"बॅटरी बसवायचं ठरलंय," केतकी म्हणाली. "मी डॉक्टरांना सांगितलं, तुला मीच सांगेन म्हणून. परवानगीवर माझी सही आहे."

"माझ्या पोरीचं पोट फाडणार आणि मला माहीत नाही?"

"तुला सांगितलं असतं तर तिचे ठोके वाढले असते!"

"आता काय कमी झालेत?"

पिवळी रेघ वरच्या मर्यादेला जाऊन टेकली होती आणि तिथंच धडका मारत होती. पण पुष्करचा ब्रेक आता लागत नव्हता. गेल्या काही दिवसांत गिळलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. ताईचा गोडवा, काकांचा बांध, बिनसाखरेचा चहा.

"आणि गाडी कुठंय? खरं सांग!"

"नदीत," ताई ओरडली. तिचाही बांध फुटला होता. "तुझ्याकडे शिकणाऱ्या त्या घोरपडे वकिलांनी ती घाटाच्या पायऱ्यांवरून खाली नेली! बॉनेटपर्यंत पाण्यात आहे! आणि सूर्योदयाचे फोटो टाकून टाकून माझी बोटं दुखली, गाढवा! तुला जपायचं, तुला जपायचं! लहानपणापासून हेच चाललंय!"

"नाव काय ठरवलंयस?"

"काय?"

"पोरीचं नाव! तेही माझ्यापासून लपवून ठेवलं असशील!"

"गोदावरी."

 पुष्कर क्षणभर ऑपरेशनही विसरला.

"गोदावरी? ताई, आपण कृष्णेकाठचे! शंभर पावलांवर नदी आहे! माझी गाडी तिच्यात आहे! आणि तू पोरीला नाशिकची नदी लावतेस?"

"कृष्णा नाव मुलाचं वाटतं!"

"मग कोयना ठेव! वारणा ठेव! घरची पाणीपट्टी भरतो त्या नदीचं तरी ठेव!"

"आत्याचा मान आहे, माझी मर्जी!" असं म्हणून ताई तरातरा पलंगाकडे गेली. धुतलेले हात पाठीमागे धरून वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेऊन, मास्कमधूनच म्हणाली, "कुर्रर्र... गोदावरी."

रीत अशी, की आत्यानं नाव सांगितलं की जमलेल्या बायकांनी तिच्या पाठीत हलके बुक्के मारायचे. जमलेल्या बायकांत केतकी एकटीच होती. तिनं एकच मारला. तो हलका नव्हता. चार वर्षांच्या नणंदपणाचा, दहा दिवसांच्या गप्प बसण्याचा, सगळ्याचा मिळून एक. धप्प आवाज झाला. ताईच्या तोंडून 'अगं आई' निघालं. सिस्टर एलिशा हात धुऊन परत आल्या होत्या. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मीपण एक मारायचा असतो का?"

पुष्करला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. तो खुर्चीत कोसळला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसला. आणि हसू ओसरलं तसा एक लांबलचक श्वास त्याच्या छातीतून आपसूक बाहेर पडला. गेल्या दहा दिवसांतला पहिला खरा.

पिवळी रेघ घरंगळत खाली आली. जरा रेंगाळली. मध्ये फट पडली.

फटीत एक हिरवा ठोका उमटला.

"कोण आहे इथं? भांडणं कुणाची चाललीत?" डॉ. मुजावर दारात उभ्या होत्या, तिघांनाही हाकलायच्या तयारीनं. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. त्यांनी आलेख मागे सरकवून पाहिला. आजचा पाहिला, कालचा पाहिला, परवाचा पाहिला.

"हे काय केलंय तुम्ही गेले दहा दिवस?" त्यांनी पुष्करला विचारलं.

"शांत बसलो होतो. तुम्हीच म्हणालात."

"शांत? अहो, हे शांत माणसाचं हृदय नाहीये. शांत माणसाचं डुलतं. हे दाबून धरलंय, पट्टीनं आखल्यासारखं. यात फट कुठून पडणार? मी समजत होते पुंजकाच गेला." त्यांनी पडद्यावरच्या हिरव्या ठोक्यावर बोट ठेवलं. "मला चढ नकोय, उतार हवाय. पण उतार यायला आधी चढ लागतो. काय झालं होतं आत्ता?"

"बारसं," ताई म्हणाली, पाठ चोळत.

"मला दोन दिवस आहेत. गुरुवारी सकाळपर्यंत हिरवे सलग दिसले, तर मी ऑपरेशन रद्द करते. तोवर यांच्याशी नेहमीसारखं वागा. नेहमी काय करता?"

"भांडतो," ताई आणि केतकी एकदमच म्हणाल्या.

"मग भांडा. हळू आवाजात. बाजूच्या खोलीत पेशंट आहे."

वैद्यकशास्त्रात असा सल्ला पूर्वी कुणी दिला होता की नाही, ठाऊक नाही. पोतदारांनी तो मनावर घेतला, आणि तिथंच चुकलं. बाबा खास घरून येऊन म्हणाले, "तू मला कधी किंमत दिली नाहीस," आणि लगेच विचारलं, "लागलं का काही?" काकांनी फोनवरून बांधाचा विषय काढला, पण मध्येच 'बाळा' म्हणाले. ताईनं त्रिकोणमितीत तो नापास झाला होता ते उकरून काढलं. पुष्करनं सगळ्यांना प्रामाणिकपणे उत्तरं दिली. रेघ ढिम्म हलली नाही. ठरवून केलेलं भांडण हृदयाला भांडण वाटतच नव्हतं. बुधवार संध्याकाळपर्यंत हिरवे ठोके आले ते तुरळक, रस्ता चुकल्यासारखे.

सगळे चहाला गेले. केतकी बाटली घेऊन आली, दूध नळीत सोडलं, आणि सवयीनं पडद्याकडे बघू लागली.

"तू बाकी आहेस," पुष्कर म्हणाला. "भांड की काहीतरी. उद्या सकाळीच ते..."

"मला नाही भांडायचं."

"केतकी, तिच्यासाठी..."

"तिच्यासाठी!" ती वळली. आवाज हळूच होता, पण पुष्करचा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. "नऊ महिने ती माझ्या ठोक्यावर झोपायची. माझ्या. मग तिला बाहेर काढलं, आणि आता ती तुझ्यावर चालते. सगळे येतात आणि तुझी छाती बघतात. पुष्करला जपा, पुष्करला हसवा, पुष्करशी भांडा. मी दूध आणते, तेही नळी पिते. तिनं अजून मला तोंड लावलेलं नाही. माझं काय आहे रे तिच्यात? आणि त्या कागदावर सही कुणी केली? मी. एकटीनं. तिला चिरायची सही. मी जिन्यात रडत होते, तुला माहीत होतं. माहीत होतं ना?"

"हो."

"आला नाहीस."

"पल्ला संपतो तिथं," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. "नाही. पल्ला जिन्याच्या अलीकडे संपतो. हाक मारण्याइतपत येता आलं असतं. मी घाबरलो. मला वाटलं, तुला रडताना बघितलं तर मी फुटेन, आणि मी फुटलो तर ती..."

 तो फुटलाच. मास्क, नाक, सगळं भिजवून रडला.  मग केतकीनं खुर्चीच्या हातावर बसून त्याचं डोकं स्वतःकडे ओढलं, जरा रागानंच. दोघांपैकी कुणीही पडद्याकडे बघत नव्हतं.

बघत होत्या सिस्टर एलिशा, काचेपलीकडून. पिवळी रेघ वर गेली, थरथरली, आणि मग रडून दमलेल्या माणसाची जाते तशी खाली खाली येत गेली. फट पडली. हिरवा. पुन्हा फट. हिरवा, हिरवा. मग पिवळा एक, चुकून आल्यासारखा. मग हिरव्यांची रांग. सिस्टरांनी फोन उचलला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मॅडम, या. पण आत जाऊ नका."

गुरुवारी ऑपरेशन झालं नाही. शुक्रवारी यंत्र फक्त पहाऱ्याला ठेवलं. शनिवारी डॉ. मुजावर यांनी पुष्करच्या छातीवरची चकती ओढून काढली. केसांसकट.

"आई गं! बघा, तिला लागेल..."

त्यानं पडद्याकडे पाहिलं. त्याच्या कळेचा तिथं पत्ताच नव्हता. पोरीचे ठोके आपल्या वाटेनं चालले होते, मध्येच पळत, मध्येच रेंगाळत, कुणाला न विचारता.

"नळी काढू या आता," डॉक्टर म्हणाल्या. "केतकी, बसा नीट. घ्या हिला."

तारा सांभाळत सिस्टरांनी गोदावरीला आईच्या मांडीवर ठेवलं. ती आधी खवळली. तोंड लाल करून, मुठी आवळून असं रडली, की आकडा झपाट्यानं चढला.

"डॉक्टर, वाढतायत!" पुष्कर म्हणाला. "ब्रेक! म्हणजे, काहीतरी करा!"

"भूक लागलीय तिला. रागावलीय. रागावू दे."

पोरगी दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तोंड लागलं.  केतकीनं खाली वाकून पाहिलं, आणि या वेळी पोरीकडेच पाहिलं. आकडा उतरू लागला. दूध पिणाऱ्या बाळाचा उतरतो तसा, सावकाश, आईच्या अंगाला टेकून.

पुष्कर खुर्चीतून उठला. खिडकीशी गेला, दाराशी गेला, परत आला. जिन्यापर्यंत जाऊन आला, जिन्याच्या चार पायऱ्या उतरून बघितल्या, पळत वर आला. छातीत नुसतं धडधडत होतं. खोलीतल्या कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.